साहेब, त्या तळ्यात कोळसा आहे : वॉशरीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावाशेजारच्या कोल वॉशरीचे, म्हणजे कोळसा धुवायच्या कारखान्याचे मालक, त्यांना कोळसा धुवायला देणारे साहेब आणि परवानगीच्या कागदावर सही करणारे साहेब,

नमस्कार.

नाव कुणाचंच घेत नाही. वणी-घुग्घुस पट्ट्यात वॉशऱ्या काही एकच नाही, ज्याचं त्याला कळेल.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नोटीस लागली. वॉशरीचं जुनं स्लरीचं तळं, म्हणजे कोळसा धुतलेलं काळं गाळपाणी साठवायची जागा, मातीने बुजवणार, त्यावर झाडं लावणार, ग्रीन बेल्ट म्हणे, आणि नवीन तळं गायरानात खोदणार, नाल्याच्या अगदी काठाला. सुनावणी पुढच्या महिन्यात. मी घरी येऊन आईला वाचून दाखवलं तर ती तूर निवडता निवडता एवढंच बोलली, "कोळशावर माती टाकून राह्यले बाप्पा हे." मग मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

आईला कसं कळलं ते आधी सांगतो. आमच्या घरी गॅस उशिरा आला, तोवर सिगडी होती. पावसाळा संपून नाल्याचं पाणी उतरलं की काठाला काळा गाळ बसलेला असायचा, लोण्यासारखा मऊ, तुमच्या वॉशरीतून वाहून आलेला. आई आणि गल्लीतल्या काकू घमेली घेऊन जायच्या. आणलेला गाळ तशाच्या तसा वापरायच्या नाहीत, घमेल्यात पाणी ओतून हाताने गरगर हलवायच्या आणि वरचं गढूळ पाणी सांडून द्यायच्या, असं दोनदा. खाली जे राहायचं ते दोन बोटात चोळून बघायचं, कचकच लागलं आणि चमकलं तर ठेवायचं. मग शेण, थोडी चिकणमाती, मळून लाडवासारखे गोळे वळायचे आणि टिनावर वाळत घालायचे. माती कमी पडली तर गोळा फुटतो, जास्त झाली तर पेटत नाही, हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नाही पण गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या हातात होतं. धूर व्हायचा, राख ढीगभर निघायची, आईचा खोकला तेव्हापासूनचा आहे, त्या सिगडीचं कौतुक मी करत नाहीये. पण तुम्ही ज्याला कागदावर वेस्ट म्हणता त्याच्यावर आमचा दहा-बारा वर्षं स्वयंपाक झालाय आणि माती काही अशी जळत नाही साहेब.

पुढे मी स्वतः एका वॉशरीच्या लॅबमधे सात वर्षं होतो, ठेकेदाराकडून. तुमच्या नाही, दुसऱ्या. काम सॅम्पल पाडायचं, दळायचं, एक ग्रॅम मोजून ८१५ डिग्रीच्या भट्टीत ठेवायचं आणि मागे किती राख उरली ते लिहायचं. तेव्हा कळलं की आई घमेल्यात जे करायची त्याची मशीन असते आणि तिला हायड्रोसायक्लोन म्हणतात. चिकणमातीचे कण कोळशाच्या कणांपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून पाणी गरगर फिरवलं की ते पाण्याबरोबर वर निघून जातात आणि जड-जाड माल खाली राहतो. घमेलं काय आणि सायक्लोन काय.

जे कोळशातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. खाणीतून निघालेला कोळसा फोडून पाण्यात टाकतात. कोळसा हलका, दगड-शेल जड, त्यामुळे मॅग्नेटाइटची पूड घालून पाणी जड केलं किंवा जिगमधे पाण्याला झटके दिले की कोळसा वर आणि दगड खाली असं वेगळं होतं. मोठ्या तुकड्यांना हे छान जमतं. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक जे असतं, म्हणजे रव्यापेक्षा बारीक, पिठासारखं, त्याला ना वर जायला वेळ ना खाली बसायला, ते काळं पाणी होऊन थिकनरमधे, म्हणजे गाळ खाली बसवायच्या मोठ्या टाकीत जातं आणि तिथून तळ्यात. हीच स्लरी. त्यात कोळसा असतो, माती असते, आणि एकदा तळ्यात गेलं की हिशोबाच्या वहीतून सुटतं.

आता तक्रारी. मुद्दे मोजतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भावनेच्या भरात लिहिलं.

पहिला मुद्दा, तपासल्याशिवाय त्याला कचरा ठरवलंत. सरकारने २०१२ पासून कोळशाची प्रत उष्णतेवर ठरवायची पद्धत आणली, जी-१ ते जी-१७. सगळ्यात खालची जी-१७, तिची खालची हद्द किलोला २२०० किलोकॅलरी. म्हणजे २२०० च्या वर जे काही आहे ते सरकारी शिडीवर कोळसाच आहे, पायरी कितवी का असेना. तुमच्या तळ्यातल्या मालाची ही टेस्ट झाली का? कोणत्या खोलीवरून, किती ठिकाणचं सॅम्पल? नोटिशीबरोबरच्या कागदात याचा एकही आकडा नाही. मी जिथे होतो तिथल्या तळ्याचं सॅम्पल आम्ही दोन-तीनदा हौस म्हणून काढलं होतं, राख चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे यायची. आणि या भागातून वीज केंद्राला जो कोळसा जातो त्याची राख कुठे फार कमी असते? चाळीसच्या आसपासचा माल मालगाड्या भरभरून रोज जातोच आहे. मग पिठासारखा आहे एवढ्यावरून तो कचरा कसा?

दुसरा मुद्दा नाल्याचा. कागदावर लिहिलंय की वॉशरीचं पाणी फिरून फिरून वापरतात, थेंबही बाहेर जात नाही. उन्हाळ्यात खरं असेल. जुलै-ऑगस्टमधे तळं भरतं, बांधावरून काळं पाणी उतरतं आणि नाल्यात जातं, नाला पुढे वर्धा नदीला. आमचं चार एकर त्या नाल्याला लागून आहे. पूर आला की शेताच्या खालच्या बाजूला बोटभर काळा थर बसतो, तो वाळला की त्याची पापडी होते आणि पापडीखालून सोयाबीनचं कोंब वर येत नाही. मी तीन वर्षं ती पापडी कुदळीने फोडली, आता त्या तुकड्यात पेरतच नाही.

आणि बैल. हे मला लिहायचं नव्हतं पण लिहितो. तळ्याला कुंपण नाही, होतं ते पडलंय. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर वाळून टणक दिसतो, भेगा पडतात, वाटतं मैदानच आहे. काकाचा बैल दावं तोडून तिकडे गेला, चार-पाच पावलं गेला आणि पोटापर्यंत आत. वर कडक आणि खाली खीर, अशी ती जागा. तो धडपडला नाही, नुसता मान वर करून उभा होता, आणि जितका हलेल तितका खाली जात होता. आम्ही दोर टाकले, फळ्या टाकल्या, शेवटी जेसीबी आणली ती काठावरच रुतायला लागली. बैल निघाला पण मागचा पाय गेला त्याचा. त्या दिवशी वॉशरीचा सुपरवायझर येऊन काय म्हणाला, तर "जनावरं बांधून ठेवत जा". बरोबर आहे त्याचं, तेही बांधायला पाहिजेच, पण तिथे पोरंही क्रिकेट खेळतात हो.

तळ्याचा बांध हा काही छोटा विषय नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक म्हणून खोरं आहे, तिथे २६ फेब्रुवारी १९७२ ला सकाळी पावसाने कोळशाच्या स्लरीचा बांध फुटला, १२५ माणसं मेली. खाणीतलाच टाकाऊ माल रचून बांध केलेला. चार दिवस आधी तपासणीवाले साहेब पाहून गेले होते, ठीक आहे म्हणाले होते. नंतर कंपनीने म्हटलं देवाची करणी. आमचं तळं तेवढं मोठं नाही हे मला कळतं, उगाच भीती घालत नाही, पण नवीन तळं नाल्याच्या काठाला आणि गावाच्या वरच्या अंगाला खोदताय, तेव्हा बांधाचं डिझाइन कुणी केलं ते विचारायचा हक्क आम्हाला आहे की नाही?

तिसरा, धूळ. तळं कोरडं पडलं की मार्च ते जून हे पीठ उडतं. वेचणीच्या शेवटी कपाशीवर बसतं, व्यापारी बोंड हातात घेऊन फुंकर मारतो आणि भाव पाडतो. बोलून झालंय यावर, दरवर्षी बोलतो, टँकरने पाणी मारतात आठ दिवस आणि मग विसरतात.

चौथा मुद्दा म्हटलं तर गंमत आहे. सुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत स्थानिक भाषेत द्या असं आहे. तुम्ही दिला, त्याबद्दल आभार. पण त्यात पान नऊवर लिहिलंय की "कोळसा दंड तळ्यात साठवला जाईल". मी तीनदा वाचलं. मग डोक्यात प्रकाश पडला, इंग्रजीत कोल फाइन्स असणार, म्हणजे बारीक कोळसा, पण फाइन म्हणजे दंडही, लावला भाषांतराच्या मशीनला आणि छापलं. गावातले लोक विचारतायत दंड कुणाला झाला, किती झाला. हसलो आम्ही, पण साहेब, ज्या मालावर अख्खा प्रकल्प उभा आहे त्याचं नावसुद्धा कुणी वाचून बघितलेलं नाही आणि आम्ही त्याला संमती द्यायची आहे.

आता तुमची बाजू, कारण मी आतून पाहिलंय आणि मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. म्हणणार परवडत नाही. म्हणणार आपला कोळसा झारखंडच्या झरियासारखा नाही. हे दुसरं अर्धं खरं आहे. झरियात कोकिंग कोल आहे, स्टीलला लागतो, महाग, म्हणून तिथल्या वॉशऱ्यांत बारीक कोळशासाठी फ्रॉथ फ्लोटेशन वापरतात. पाण्यात जरा डिझेल किंवा रॉकेल, फेस करणारं थोडं केमिकल, खालून हवा. कोळशाचा कण म्हणजे अळूचं पान, पाणी त्याला चिकटत नाही, म्हणून तो बुडबुड्याला चिकटतो आणि फेसाबरोबर वर येतो. माती भिजते आणि खाली राहते. वर आलेला काळा फेस खरवडून गाळला की झाला कोळसा. तरीही तिथे सुटलेली स्लरी दामोदर नदीच्या काठाने लोक वर्षानुवर्षं गोळा करून विकतायत, आमच्या आईसारखेच. आपल्याकडचा कोळसा विजेचा, त्यात राख कणाकणात मुरलेली, कितीही धुतला तरी दहा-बारा टक्के राखेचा होणार नाही. मान्य. पण कोण मागतंय दहा टक्के? बॉयलरला चालेल एवढा झाला तरी पुरे.

त्याला रस्ते आहेत. आधी सायक्लोनने माती काढा. मग एक मिलीमीटर ते साधारण एक दशांश मिलीमीटरचा माल स्पायरलवर सोडा, ती घसरगुंडीसारखी गोल पन्हाळ असते, मोटर नाही, फिरणारं काही नाही, पाणी उताराने घुमतं आणि हलका कोळसा बाहेरच्या कडेला, जड माती-दगड आतल्या कडेला जातो. त्याहून बारीक जे राहील त्याला फ्लोटेशन. फ्लोटेशनमधेही जुनी पंख्याची टाकी हा एकच पर्याय राहिलेला नाही, ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जेमसन यांनी १९८० च्या दशकात काढलेला जेमसन सेल बारीक कोळशासाठी तिकडे सर्रास वापरतात. आणि शेवटी उरलेल्या चिखलाला फिल्टर प्रेस, म्हणजे पनीर दाबल्यासारखं दाबून पाणी काढायचं, वडी पडते, ती ट्रकने नेता येते, पाणी परत वॉशरीला. मग तळंच लागत नाही. नवीन तळ्यासाठी गायरान मागायची वेळच येत नाही. माझं मुख्य म्हणणं हेच आहे, कोळसा सापडणं हा वरचा फायदा, आमच्यासाठी खरा फायदा तळं नसणं.

अडचण ओलाव्याची आहे, ती मी लपवत नाही. बारीक माल पाणी धरून ठेवतो, नीट दाबला नाही तर वॅगनला चिकटतो, बॉयलरच्या बंकरमधे अडकतो, वीज केंद्रवाले शिव्या घालतात, मी स्वतः त्या फोनवर होतो एकदा. म्हणून तो जाड कोळशात प्रमाणात मिसळावा लागतो किंवा दाबून ब्रिकेट करावे लागतात, गुळाची मळी किंवा तसलं काही बाइंडर घालून. परत तेच, आईचे गोळे.

परवडण्याचा हिशोब मांडूनच बघू. हे आकडे तुमचे नाहीत, समजायला धरतो. समजा वॉशरी दिवसाला ५००० टन धुते आणि त्यातलं दहा टक्के पिठासारखं निघतं, म्हणजे ५०० टन. वर्षाचे ३०० दिवस धरा, दीड लाख टन. त्यातलं निम्मं जरी कोळसा म्हणून परत आलं तर पंच्याहत्तर हजार टन. पंच्याहत्तर हजार टन कोळसा तुम्ही दरवर्षी खड्ड्यात ओतताय, खड्ड्यासाठी जमीन घेताय, खड्ड्याला बांध घालताय, आणि मग खड्ड्यावर झाडं लावायला पैसे देताय. याच देशात २०२४-२५ मधे कोळशाचं उत्पादन शंभर कोटी टनांच्या वर गेलं म्हणून पेढे वाटले आणि त्याच वर्षी चोवीस कोटी टनांच्या आसपास कोळसा बाहेरून आणला. तुमचे खरे आकडे द्या, माझा हिशोब चुकला तर मी जाहीर माफी मागतो.

खरं कारण मला वेगळंच वाटतं, आणि ते चोरी वगैरे नाही, निदान मी तसं म्हणत नाही, पुरावा नसताना बोलू नये. धुवायचे पैसे टनावर मिळतात. कोळसा कुणाचा तर देणाऱ्याचा, तळं कुणाचं तर धुणाऱ्याचं, आणि तळ्यातला कोळसा मग कुणाचाच नाही. धुणाऱ्याने मशीन बसवून तो काढला तर फायदा देणाऱ्याला जाणार, मग तो कशाला बसवेल? देणारा म्हणतो आम्हाला ठरलेल्या राखेचा माल मिळाला, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. दूरच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचाच कोळसा द्यायची सक्तीही २०२० च्या मे महिन्यात केंद्राने काढून टाकली, म्हणजे आता धुणं हे कराराने चाललंय, आणि करारात स्लरीवर एक ओळ घालणं तुमच्या दोघांच्या हातात आहे.

घाई का, तेही सांगतो. कोळसा हवेत-पाण्यात पडून राहिला की त्याच्या अंगावर गंज चढल्यासारखं होतं, अळूच्या पानाचं साधं पान होतं, पाणी चिकटायला लागतं आणि मग तो फेसाबरोबर वर येत नाही. तळ्यातला जुना माल दरवर्षी काढायला अवघड होत चाललाय. वर माती टाकलीत तर उद्या कुणाला काढायचा असला तरी आधी ती माती उपसावी लागेल आणि निम्मी त्यात मिसळलेली असेल. शिवाय वाळलेला बारीक कोळसा आपोआप तापतो, रिजेक्टच्या, म्हणजे धुताना वेगळ्या काढलेल्या दगड-मालाच्या ढिगातून धूर निघताना या भागात कुणी पाहिला नाही? त्यावर लिंबाची रोपं लावून फोटो काढाल, दोन उन्हाळ्यांनी काय होईल ते आम्ही बघायचं.

तर मागण्या, साध्या आहेत.

तळं बुजवायचं काम थांबवा आणि आधी ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीचं सॅम्पल घ्या, ग्रामपंचायतीच्या माणसासमोर, आणि सरकारमान्य लॅबचा राखेचा व उष्णतेचा रिपोर्ट बोर्डावर लावा. २२०० च्या खाली आला तर बुजवा, मी स्वतः रोपं लावायला येतो.

वर आला तर तो माल काढायची योजना आणा, आणि नवीन तळ्याऐवजी फिल्टर प्रेसचा खर्च किती, तळ्याचा किती, दोन्ही शेजारी शेजारी मांडा. गायरानाला तोवर हात लावू नका.

तळ्याला या आठवड्यात कुंपण. याला सुनावणी लागत नाही, ठराव लागत नाही.

सहा महिन्यांनी जो अटी पाळल्याचा अहवाल तुम्ही जून आणि डिसेंबरला पाठवता, त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, माणसाने वाचलेली. त्यात किती टन धुतलं, किती धुतलेला कोळसा बाहेर गेला, किती रिजेक्ट, किती स्लरी हे चार आकडे असू द्या, बेरीज आम्ही करू.

पुराने खराब झालेल्या शेतांचा पंचनामा, माझ्या एकट्याचा नाही, नाल्याकाठच्या सगळ्यांचा.

आणि तळ्यातून कोळसा निघाला तर त्या कामावर आधी इथल्या बाया घ्या. चांगला माल कोणता ते त्यांना बोटाने कळतं, लॅबचा रिपोर्ट नंतर येतो.

सुनावणीला मी येतोय. सोबत काचेची बरणी आणणार आहे, त्यात तुमच्या तळ्यातला चमचाभर गाळ, पाणी आणि दोन थेंब डिझेल. झाकण लावून साहेबांनी स्वतः जोरात हलवायची आणि टेबलावर ठेवायची. मिनिटभरात वर काय येतं ते सगळ्या गावासमोर बघू. गाळ मी वरच्या थरातला नाही, खालचा आणतो, वरचा बिघडलाय. आईने सांगितलंय कुठून घ्यायचा ते.

आपला,
नाल्याकाठचा एक शेतकरी, पूर्वीचा लॅब असिस्टंट